निबंध, फाशी आणि मधले तीन महिने

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाने पोर्शेने दोन तरुण इंजिनिअरना उडवलं आणि बालन्याय मंडळाने त्याला तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीवर जामीन दिला. तेव्हापासून दारू पिऊन कुणी गाडी ठोकली की आमच्या शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ठरलेले तीन मेसेज येतात. पहिला, "निबंधाची वही पाठवा." दुसरा, "भर चौकात लटकवा." तिसरा खास माझ्यासाठी, "तुमच्या अमेरिकेत असता तर आयुष्यभर सडला असता ना रे?"

माणसं मारल्यावर आत गेला असता, हे खरं. पण त्याच्या आधीच्या एखाद्या रात्री मोठा माणूस नुसता पिऊन चालवताना न्यू जर्सीत सापडला, तर तो सडत नाही. त्याच्या गाडीला एक नळी बसते. ग्रुपवर हे लिहिलं की लोक हसतात, आणि त्या हसण्याचाच मला राग येतो.

इथे १ डिसेंबर २०१९ पासून पहिल्याच गुन्ह्याला इंटरलॉक लागतो, म्हणजे नळीत फुंकल्यावर श्वासात दारू सापडली तर गाडी सुरूच होऊ न देणारं यंत्र. रक्तातलं दारूचं प्रमाण ०.०८ ते ०.१० टक्के असेल तर तीन महिने, त्याच्या वर ०.१५ पर्यंत सात महिने ते एक वर्ष. त्याही पुढे असेल तर लायसन्सही काही महिने जातं. यंत्राचं भाडं त्याच्याच खिशातून. वर दंड, क्लास, तीन वर्षं दरसाल हजार डॉलरचा सरचार्ज, आणि इन्शुरन्सवाला काय करतो ते विचारूच नका. पूर्वी सरळ लायसन्स काढून घ्यायचे. पण इथे दूध आणायलाही गाडी लागते, त्यामुळे लायसन्स नसलं तरी लोक चालवायचेच. म्हणून आता गाडीलाच अडवतात.

आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या एकाच्या गाडीत हे मी जवळून पाहिलंय. गणपतीच्या सजावटीचं सामान घेऊन आम्ही ओक ट्री रोडवरून निघालो होतो. डॅशबोर्डला जाड रिमोटएवढा डबा, त्याला टेलिफोनसारखी कुरळी वायर. त्याने आधी पाण्याने चूळ भरली, कारण माउथवॉशनेसुद्धा यंत्र भडकतं. मग फुंकलं, आणि फुंकता फुंकता 'हंऽऽ' असा आवाज काढला. नुसती हवा यंत्राला चालत नाही. मग गाडी सुरू झाली. दहाएक मिनिटांनी चालत्या गाडीत पुन्हा टीं टीं. सिग्नलला थांबून परत फुंकणं, शेजारच्या गाडीतल्या बाई बघतायत. मागे मखर सांभाळत बसलेली त्याची मुलगी म्हणाली, "बाबा, कॅमेऱ्यात बघ ना, नाहीतर परत करावं लागेल."

फाशी मागणाऱ्या माझ्या शाळासोबत्यांना हे शिक्षा वाटत नाही. लेकीसमोर रोज चार वेळा फुंकून बघा म्हणावं.

माझा मामेभाऊ कोथरूडहून लिहितो, "इकडे ड्रायव्हर फुंकेल. नाहीतर पानवाला वीस रुपयांत फुंकून देईल." खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. अरे, हा विचार इथे कुणाच्या डोक्यात आला नसेल? म्हणून तर कॅमेरा, म्हणून तर वाटेत पुन्हा फुंकणं. पानवाल्याला दुकान बंद करून शेजारी बसावं लागेल. घरात तीन गाड्या असतील तर काय, हा त्याचा दुसरा प्रश्न मात्र बिनतोड आहे. तिथे इथला कायदाही लंगडतो.

गंमत म्हणजे कागदावर भारतच जास्त कडक. मोटार वाहन कायद्याच्या १८५ कलमात १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, इथे ८०. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी दहा हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. होतं काय? थर्टी फर्स्टला नाकाबंदी, दुसऱ्या दिवशी पेपरात आकडा, आणि आठवड्याभरात तोच माणूस त्याच गाडीत. पोर्शे प्रकरणात तर रक्ताचा नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून ससूनच्या डॉक्टरांना अटक झाली. इंटरलॉकचं मला कौतुक आहे ते इथे. फुंकर आणि इंजिन यांच्यामध्ये डॉक्टर नसतो, हवालदार नसतो, कुणाचे काका नसतात.

"मग अमेरिकेत पिऊन कुणी मरत नाही वाटतं?" मरतात. २०२३ मध्ये दारूपायी रस्त्यांवर १२,४२९ माणसं गेली, एकूण मृत्यूंत दहातले तीन. हा आकडा मी ग्रुपवर टाकत नाही. नळी असेतोवर पुन्हा तोच गुन्हा करण्याचं प्रमाण सुमारे सत्तर टक्क्यांनी घटतं, हे टाकतो. नळी निघाली की बरेचजण मूळपदावर येतात, हे नाही टाकत.

इथल्या मराठी माणसांच्या शिस्तीबद्दलही फार बोलू नये. पिऊन चालवताना नुसती अटक झाली तरी पासपोर्टवरचा व्हिसा रद्द होऊ शकतो. म्हणून आमच्या पार्ट्यांत एच-वनवाली, म्हणजे नोकरीच्या व्हिसावरची पोरं लिंबूपाण्यावर असतात आणि सिटिझन झालेले तिसऱ्या पेगवर. मीही सिटिझन आहे. ती शपथ घेतली आणि पुण्यातलं मतदान संपलं. ग्रुपवर भांडणं एवढाच हक्क उरलाय, तो मी बजावतो.

मामेभावाला ते कळतं. "एवढं आहे तर ये आणि कर्वे रोडला चालवून दाखव," म्हणतो. नाही चालवता येत. मी जिथे गाडी शिकलो त्या गावात आता वळायचा सिग्नल द्यायला गेलो की वायपर सुरू होतो. त्यामुळे रात्री जेवून निघताना मी त्याच्या शेजारी बसणार, हे ठरलेलं. त्याचे पेग मोजतो. दोनाच्या वर गेला की रिक्षा बोलावतो. "तुझी अमेरिका विमानतळावर ठेवून येत जा," असं म्हणत तो बसतो रिक्षात.

मागच्या खेपेला मामीने हे सगळं ऐकलं. पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "ते तुझं यंत्र इथे विकत मिळतं का रे? ह्याच्या गाडीला लाव, पैसे मी देते. कोर्टाची वाट कशाला बघायची?"