बेन हर्बर्टचं नाव कोण घेणार?

मिशिगन विद्यापीठाने जानेवारी 2024 मध्ये जिंकलेल्या कॉलेज अमेरिकन फुटबॉलच्या विजेतेपदाचा विषय निघाला की इथे डेट्रॉइटकडच्या आमच्या मराठी गोतावळ्यात अजूनही दोनच नावं येतात, मुख्य प्रशिक्षक जिम हार्बॉ आणि क्वार्टरबॅक, म्हणजे संघाची चढाई चालवणारा खेळाडू, जे. जे. मॅकार्थी. माझ्या मते तिसरं नाव घेतल्याशिवाय ते श्रेय पुरं होत नाही. संघाचा तेव्हाचा स्ट्रेंथ कोच, म्हणजे खेळाडूंची ताकद घडवणारा प्रशिक्षक, बेन हर्बर्ट.

हा माणूस विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संघात डिफेन्सिव्ह एंड, म्हणजे बचावफळीच्या टोकाचा खेळाडू होता. म्हणजे चेंडू हलला रे हलला की समोरच्या सव्वाशे-दीडशे किलोच्या गड्याला जाऊन भिडायचं, आणि हे सामनाभर. खेळणं संपल्यावर तो त्याच विद्यापीठाच्या वेट रूममध्ये कामाला लागला, पुढे अर्कान्सा विद्यापीठ आणि 2018 साली मिशिगन विद्यापीठाचं गाव अ‍ॅन आर्बर. त्याच्या पद्धतीत मानेला मोठं महत्त्व. मान बळकट करायचा साधा व्यायाम बघा: खेळाडूने पालथं झोपायचं, जोडीदाराने डोक्यामागे हाताने दाबायचं आणि त्या दाबाविरुद्ध मान सावकाश वर आणायची. आरशात मिरवायला याचा उपयोग शून्य. पण ज्याने स्वतः टकरी खाल्ल्यात त्याला मानेची किंमत कळते.

पहिल्याच वर्षी ओहायो स्टेटने मिशिगनला 62-39 असं धुतलं. 2020 मध्ये अख्ख्या हंगामात दोन विजय. हार्बॉला हाकला म्हणणारे आमच्यातही कमी नव्हते. पण अठरा वर्षांच्या पोराचं शरीर एका उन्हाळ्यात घडत नाही, त्याला तीन-चार वर्षं द्यावीच लागतात. 8 जानेवारी 2024 ची फायनल आठवा. तीन क्वार्टर झाले तेव्हा वॉशिंग्टनविरुद्ध 20-13, म्हणजे सामना कुणाचाही. शेवटच्या क्वार्टरमध्ये समोरचे दमले आणि आपली पोरं धक्के देतच राहिली. 34-13. चेंडू घेऊन धावत काढलेले यार्ड 303. ही ताकद त्या रात्री आली नव्हती.

हंगाम नसताना मुख्य प्रशिक्षकाच्या वेळेवर एनसीएएची, म्हणजे कॉलेज खेळांचे नियम करणाऱ्या संस्थेची बंधनं असतात, त्यामुळे मुलं सगळ्यात जास्त असतात ती स्ट्रेंथ कोचच्या हाताखाली. म्हणूनच मला या पदाची काळजीही वाटते. मेरीलँड विद्यापीठाचा फुटबॉल खेळाडू जॉर्डन मॅकनेअर मे 2018 मध्ये संघाच्या व्यायामात धावता धावता उष्माघाताने कोसळला आणि दोन आठवड्यांनी गेला. वय 19. बर्फाच्या पाण्यात बसवणं हा माहीत असलेला उपाय, तोही झाला नाही. तिथल्या स्ट्रेंथ कोचला ऑगस्टमध्ये पायउतार व्हावं लागलं, विद्यापीठाने जबाबदारी मान्य केली, पण पोरगा गेला तो गेलाच.

कोचने "अजून एक" म्हटल्यावर नाही म्हणायची हिंमत त्या वयात कुणाला होते? जो स्वतः त्या रांगेत उभा राहिलाय त्याला हे माहीत असतं, म्हणून अशा कोचकडून माझी अपेक्षा दुप्पट आहे. आणि व्यायाम थांबवायचा शेवटचा अधिकार वैद्यकीय माणसाकडेच हवा, त्याची नोकरी कोणत्याही कोचच्या मर्जीवर असता कामा नये. कोच हर्बर्टसारखा असला, तरीसुद्धा.