दापोलीत जागा घ्यायचीये? मग मे महिन्यात या

ओळखीतले चौथे गृहस्थ आता दापोलीकडे शेतजमीन बघतायत. नोकरी सोडून तिथेच राहायचं, भात-भाजी पिकवायची, पुन्हा लॉकडाऊनसारखं काही आलं तर घर चालेल इतकं जवळ ठेवायचं. विचार मला मनापासून पटतो. पण त्यांनी जागा पाहिली ती डिसेंबरात, आणि डिसेंबरात सगळं कोकण सुंदरच असतं.

तालुक्यात साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तरी मे महिन्यात कातळावरच्या वाड्यांना टँकरची वाट बघावी लागते. इथला जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही. माझ्या माहेरची भावकीची विहीर श्रावणात काठावर बसून तांब्या बुडवावा इतकी भरते. मे महिन्यात त्याच विहिरीत खाली उतरून वाटीवाटीने कळशी भरलीये मी. म्हणून सातबारा, हिस्सेदारांच्या सह्या हे बघालच, पण आधी मेमध्ये विहिरीत डोकवा.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरजवळ धडकलं आणि इकडे केळशी, आंजर्ले, हर्णैपर्यंत नारळ-सुपारीची आगरं झोपली. माड, पोफळी आडव्या, कौलांचा चुरा. आमच्याकडे वीज यायला महिना लागला. विहिरीला पाणी होतं, पण पंप बंद. अख्खी वाडी एका काकूंच्या जुन्या रहाटावर जगली. घरात खायला होतं, कारण आगोटची, म्हणजे पावसाळ्याआधीची, बेगमी झालेली होती: तांदूळ, कुळीथ, आमसुलं, सुकी मासळी, पडवीत रचलेली लाकडं. आमच्या आज्यांनी ही तयारी दरवर्षी केली, तिला कुणी मोठं नाव दिलं नाही. पोफळ पुन्हा लावली तर धरायला सहा-सात वर्षं जातात, तेव्हा नुसत्या बागेच्या भरवशावर राहू नका.

डोंगर उकरून सपाट केलेले प्लॉट मला बघवत नाहीत. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यात तळीये गाव दरडीखाली गेलं, ऐंशीहून जास्त माणसं गेली. त्याच दिवशी खेडच्या बाजारपेठेत जगबुडी नदीचं पाणी होतं. दापोलीतून मोठ्या दवाखान्यासाठी डेरवणला जायचं तर वाट खेडवरूनच आहे.

एवढं असूनही मी दापोलीला चांगलंच म्हणेन. भात होतो, मागून कुळीथ होतो, मासळी मिळते, कलमं कृषी विद्यापीठातून आणता येतात. मला काळजी आहे ती माणसांची. वादळानंतर रस्त्यावरची झाडं तोडायला आमच्या वाडीत साठीच्या पुढचे चारच पुरुष होते, बाकीची घरं मुंबईला. दोन दिवस कोयता-कुऱ्हाड चालवून त्यांनी बाइक जाईल एवढी वाट काढली.

त्या गृहस्थांना मी दलालाला विचारायला एकच प्रश्न दिलाय: जुलैत या वाडीत किती चुली पेटतात? अजून त्याचा फोन आलेला नाही. मेमध्ये मी स्वतः त्यांच्याबरोबर जाणार आहे, आणि विहिरीवर पाणी भरायला येणाऱ्या बायकांनाच विचारणार आहे.