फक्त ऑनर्स?

जानेवारी संपत आला की न्यू जर्सीतल्या मराठी घरांत दोन गोष्टींची धांदल उडते: मंडळाचं हळदीकुंकू आणि पोरांचं पुढच्या वर्षीचं कोर्स सिलेक्शन. वाण काय लुटायचं यावर चाळीस बायका मत देतात. ऑनर्स (शाळेचाच जरा वरचा वर्ग) की एपी (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, शाळेतच शिकायचा कॉलेजच्या पातळीचा विषय), हे मात्र तुमचं तुम्हालाच ठरवावं लागतं. मी दोन मुलं या घाण्यातून काढली आहेत, तेव्हा अधिकाराने सांगतो.

पहिलं म्हणजे, पोरीला विचारू नका. टेन्थ ग्रेडमधलं लेकरू, ते म्हणणार मला सिरॅमिक्स घ्यायचंय. घाबरू नका, कागद-पेन घ्या. आमच्या शाळेत वेटेड जीपीएला, म्हणजे वर्गाच्या अवघडपणाचं वजन धरून काढलेल्या सरासरीला, एपीतल्या ‘ए’चे 5, ऑनर्समधल्या ‘ए’चे साडेचार आणि साध्या वर्गातल्या ‘ए’चे 4 धरतात. पाच एपी, पाचही ‘ए’, सरासरी 5. आता त्यात सिरॅमिक्स घाला. मडकं झकास वळलं, तिथेही ‘ए’ मिळाला, की सरासरी आली 4.83 वर! न फुटलेल्या मडक्याने नुकसान झाल्याचं हे जगातलं एकमेव उदाहरण असावं. हा हिशेब पोरीसमोर ठेवा, ती परत मातीला हात लावणार नाही.

काउन्सेलर बाई सांगतील की बरीच कॉलेजं ही वजनं बाजूला काढून जीपीए आपल्या पद्धतीने पुन्हा मोजतात. कॅलिफोर्निया विद्यापीठ तर जादा गुण जेमतेम आठ सेमिस्टरपुरतेच धरतं. मान डोलवा, ‘थँक यू’ म्हणा. असली माहिती घरात आणू नये, वातावरण बिघडतं.

बाकी ऑनर्स वाईट असतं असं नाही. त्याचा अभ्यासक्रम शाळाच ठरवते, म्हणून एका गावची ऑनर्स केमिस्ट्री पोरांना रडवते आणि शेजारच्या गावची जेवणानंतर झोप आणते. पण त्यात बोर्ड नाही! एपीमागे 1955 पासून कॉलेज बोर्ड उभं आहे. मे महिन्यात देशभर एकच पेपर, जुलैत निकाल, 1 ते 5 गुण. ‘बोर्ड’ ऐकलं की आपल्या अंगात दहावी संचारते. सदाशिव पेठेतून निघून एडिसनला घर घेतलं तरी मेरिट लिस्ट बॅगेतून आलेलीच असते, ती कस्टमवाल्यांनाही सापडत नाही.

आणि खरी परीक्षा मे महिन्यात नसते, ती गणपतीत असते. आरती संपून मोदकाच्या रांगेत तुम्ही उभे असता आणि मागून एक काकू विचारतात, “काय घेतलंय हिने?” तुम्ही म्हणालात “ऑनर्स प्रीकॅल्क्युलस”, की काकू म्हणतील, “हो का? छान.” त्या ‘छान’चा उच्चार ज्याने ऐकलाय, त्याला पुढचं सांगायला नको. त्याऐवजी “एपी कॅल्क्युलस बीसी” म्हणा, रांग आपोआप सरकते. (मागे हिंदी भाषक उभे असतील तर अक्षरं जपून, पूर्ण वाक्यात उच्चारावीत.)

पोरीच्या गणिताच्या टीचरने ऑनर्सचीच शिफारस केली असेल तर ती डावलायला एक फॉर्म मिळतो. पालक आपल्या जबाबदारीवर मुलाला वरच्या वर्गात घालत आहेत, मागाहून वर्ग बदलून मिळेलच असं नाही, वगैरे. सही ठोका. घराच्या कर्जाचा गठ्ठा न वाचता सही करणारे आपण, एका पानाने काय होतंय? टीचर तिला रोज वर्गात बघते, हे खरं. पण टीचर गणपतीत येत नाही.

वेळापत्रकात सगळं बसत नसेल तर लंच पीरियड काढा. पोळीचा रोल करून दिला की इतिहासाच्या तासालाही खाता येतो. लसणाची चटणी मात्र नको.

शेवटच्या दिवशी रात्री पावणेबाराला पोर्टल उघडा. पोरगी एपी वर्ल्ड हिस्टरीच्या पुस्तकावर डोकं टेकून झोपलेली असेल, गालावर पिवळ्या हायलायटरचा पट्टा. उठवू नका. पासवर्ड तुम्हाला माहीत आहेच. तिच्या लॅपटॉपवर शेजारच्या टॅबमध्ये कुणीतरी चाकावर मडकं वळवत असेल. आधी तो टॅब बंद करा, मग सबमिट दाबा.