वाइन कोणी विकायची?

२७ जानेवारी २०२२ रोजी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाइन विकायला मंजुरी दिली आणि आठवड्याभरात राज्यात दोनच वाक्यं ऐकू येऊ लागली. एका बाजूने 'वाइन म्हणजे दारू नव्हे', दुसऱ्या बाजूने 'मद्यराष्ट्र'. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, सरकारने हरकती-सूचना मागवल्या आणि निर्णय बासनात गेला. वाद मात्र गेला नाही. द्राक्षाचे भाव पडले की तो पुन्हा वर येतो आणि जर्मनीतल्या मराठी माणसाला हमखास प्रश्न येतो: तुमच्याकडे तर पिठामिठाशेजारी वाइन मिळते, मग काय आभाळ कोसळलं?

आभाळ कोसळलं नाही हे खरं. पण जर्मनीकडून शिकण्यासारखं जे आहे ते सुपरमार्केटात नाही. ते बघायला फाल्त्समध्ये जावं लागतं. वाल्डोर्फ, हायडेलबर्ग, मानहाइम या पट्ट्यात संगणकाच्या कामासाठी आलेली मराठी घरं बरीच आहेत. त्यांच्यासाठी तर हा भाग ऱ्हाइनच्या पलीकडच्या काठावरच आहे. भारतातून पाहुणे आले की त्यांना न्यायची जागा म्हणूनही तो उत्तम. फक्त कधी आणि कसं जायचं हे माहीत हवं.

फाल्त्स हा जर्मनीतला ऱ्हाइनहेसननंतरचा दुसरा मोठा वाइनप्रदेश. उत्तरेला बोकनहाइमपासून फ्रान्सच्या सीमेवरच्या श्वायगनपर्यंत साधारण ८५ किलोमीटरचा 'डॉइचे वाइनश्ट्रासे' म्हणजे वाइनरस्ता जातो. तो १९३५ साली आखला गेला. पश्चिमेला जंगलाचे डोंगर पावसाचे ढग अडवतात, त्यामुळे त्यांच्या पायथ्याशी ऊबदार, कोरडी पट्टी तयार झाली आहे. इतकी ऊबदार, की तिथे अंजीर आणि बदामही पिकतात. मार्चमध्ये गिमेल्डिंगन गावात बदामाचा गुलाबी फुलोरा येतो आणि त्याचाच उत्सव होतो. त्याची तारीख मात्र फुलं ठरवतात, आणि ती जाहीर होते ऐनवेळी. पाहुण्यांची तिकिटं आधी काढून मग फुलांची वाट बघणाऱ्यांच्या नशिबी बहुधा नुसत्या काड्या येतात.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी सकाळी दहा ते संध्याकाळी सहा हा सगळा रस्ता गाड्यांना बंद असतो आणि सायकलींच्या ताब्यात जातो. गावोगावी अंगणं उघडतात. पण सायकल म्हणजे मोकळीक असं समजू नका. रक्तात १.६ प्रति हजार अल्कोहोल सापडलं तर सायकलस्वारावरही फौजदारी होते, आणि तोल जात असेल किंवा अपघात झाला तर ०.३ देखील पुरतं. मोटारीला साधी मर्यादा ०.५. नवशिक्या आणि २१ वर्षांखालच्या चालकांना शून्य.

मोठी जत्रा सप्टेंबरची. बाट ड्युर्कहाइमचा 'वुर्स्टमार्क्ट', अर्थात सॉसेजबाजार, दुसऱ्या आणि तिसऱ्या शनिवार-रविवारला धरून भरतो. पहिली फेरी शुक्रवार ते मंगळवार, दुसरी शुक्रवार ते सोमवार. जगातला सर्वांत मोठा वाइनउत्सव म्हणून तो मिरवतो, आणि लाखांनी माणूस लोटतं. याची सुरुवात पंधराव्या शतकातली. डोंगरावरच्या संत मिखाएलच्या देवळाला यात्रेकरू यायचे आणि शेतकरी ढकलगाडीवर पिंपं लादून त्यांना वाइन नि खाणं विकायला जायचे. आजही तिथल्या लहान मंडपांना 'शुबकेर्शलर', म्हणजे ढकलगाडीवाले, असंच म्हणतात. आपल्याकडे जत्रेत पालं पडतात तसंच ते, फक्त पालात भेळभत्त्याऐवजी रीसलिंग ही इथली पांढरी वाइन. 'देवस्थानाजवळ नको' ही महाराष्ट्रातल्या त्या निर्णयातली एक अट होती. इथली जत्राच देवस्थानाने जन्माला घातली. यातून कोणी बरोबर आणि कोणी चूक हे ठरत नाही, पण 'धर्म आणि वाइन एकत्र नांदत नाहीत' हे वाक्य जगाचा नियम म्हणून सांगता येत नाही, एवढं नक्की.

मंडपात लांब बाकं असतात आणि कोणाच्याही शेजारी बसायचं असतं. पेला अर्ध्या लिटरचा, खाली निमुळता, अंगावर गोल खळगे असलेला. त्याला डुबेग्लास म्हणतात. सॉसेज खाऊन बोटं तुपकट झाली तरी तो निसटू नये म्हणून ते खळगे. पेल्याची अनामत वेगळी घेतात. पेला परत केला की ती मिळते, फक्त जिथून घेतला तिथेच परत करा. आणि एक तयारी मनाची ठेवा: बाकावरचा अनोळखी माणूस आपला पेला पुढे करून 'घ्या एक घोट' म्हणतो. एकच पेला टेबलभर फिरवणं ही इथली रीत आहे. उष्ट्याचा विचार करणाऱ्याने हसून नुसता स्वतःचा पेला उचलला तरी कोणी रागावत नाही.

त्या पेल्यात बहुतेक वेळा शोर्ले असतो, म्हणजे वाइन आणि सोडा. इतरत्र निम्मं-निम्मं करतात. फाल्त्समध्ये निम्मं पाणी घातलं तर तो अपमान समजतात, त्यामुळे अर्ध्या लिटरमध्ये सहज ३५० मिली वाइन असते. आता हिशेब करा. १२ टक्क्यांची ३५० मिली वाइन म्हणजे सुमारे ३३ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. ६० मिलीच्या व्हिस्कीच्या 'लार्ज'मध्ये ते साधारण २० ग्रॅम असतं. एक शोर्ले म्हणजे दीड लार्जहून जास्त, आणि उन्हात ते सरबतासारखं घटाघट जातं. पाहुण्यांची पंचाईत नेमकी इथे होते. 'वाइन म्हणजे दारू नव्हे' या वाक्याचा निकालही इथेच लागतो. पहिल्या पेल्याआधी पोटात काहीतरी घाला, दोन पेल्यांमध्ये साधं पाणी प्या, आणि मोटार घरी ठेवा. नॉयश्टाटहून रेल्वे आहे, मानहाइम-लुडविग्सहाफनहून ट्रामसारखी गाडी थेट ड्युर्कहाइमला येते आणि जत्रेत रात्री जादा फेऱ्या असतात.

खाण्यात पहिलं नाव झाउमागन. डुकराच्या जठराच्या पिशवीत मांसाचे तुकडे, बटाट्याच्या फोडी, सॉसेजचा खिमा, मार्जोरम आणि जायफळ भरून ती गरम पाण्यात तीनेक तास शिजवतात. पाणी उकळू द्यायचं नाही, नाहीतर पिशवी फुटते. मग जाड काप करून तव्यावर खरपूस परततात, सोबत आंबवलेला कोबी. चॅन्सेलर हेल्मुट कोल इथलेच. ते परदेशी पाहुण्यांना आवर्जून हेच खाऊ घालत. थॅचरबाईंनाही ते सुटलं नाही.

शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, पण विचारून खावं लागतं. बटाट्याच्या सुपात किंवा कांद्याच्या पायमध्ये डुकराच्या चरबीचे बारीक तुकडे असतात. 'ओने श्पेक' हे दोन शब्द पाठ करा, म्हणजे 'चरबीशिवाय'. निर्धास्त खाण्यासारखा एक पदार्थ म्हणजे उकडलेले बटाटे आणि 'वायसर केझ', कांदा-पात घातलेला चक्क्यासारखा दह्याचा प्रकार. दुसरा डाम्पफनूडल. यीस्टच्या पिठाचे गोळे लोखंडी तव्यात तेल, पाणी आणि मीठ घालून झाकणाखाली वाफवतात. पाणी आटून चरचर ऐकू येईपर्यंत झाकण उचलायचं नाही, आधी उचललं की गोळे बसतात. बरोबर जमला तर खाली खारट कुरकुरीत बूड आणि वर कापसासारखं अंग. सोबत वाइनचा गोड सॉस देतात, त्यात अंडं असतं.

ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर आणखी एक गोष्ट मिळते: फेडरवायसर, म्हणजे अजून आंबत असलेला द्राक्षरस. ढगाळ, गोड, फसफसणारा. अल्कोहोल ४ टक्क्यांपासून रोज वाढत जातं. बाटलीचं झाकण मुद्दाम सैल असतं, कारण वायू सतत बाहेर पडत असतो. ती आडवी ठेवली की पिशवी भिजते, घट्ट बंद केली की फुटते. उभी धरून न्या, थंड ठेवा, दोन-तीन दिवसांत संपवा. आणि फार पिऊ नका, पोट साफ करण्यात ती एरंडेलाची धाकटी बहीण आहे.

आता ज्यासाठी हे सगळं सांगितलं ते. जर्मनीत द्राक्षं पिकवून वाइन करणाऱ्या शेतकऱ्याला दारूच्या परवान्याशिवाय, नुसती सूचना देऊन, स्वतःच्या अंगणात खानावळ उघडता येते. तिला श्ट्राउसविर्टशाफ्ट म्हणतात. अटी चारच: वर्षात जास्तीत जास्त चार महिने, तेही फार तर दोन हप्त्यांत. चाळीसच बसायच्या जागा. वाइन स्वतःची. खाणं साधं. दारावर फांद्यांचा झुबका टांगला की उघडं आहे असं समजायचं. जाण्याआधी वार मात्र बघून घ्या. अनेक जागा फक्त गुरुवार ते रविवार चालतात, स्वयंपाकघर रात्री नऊच्या सुमारास बंद होतं आणि कार्ड सगळीकडे चालत नाही.

या नियमात विक्री आहे आणि मर्यादाही आहे. पैसा पिकवणाऱ्याच्या हातात पडतो. पिणारा बसून, खाऊन, गावासमोर पितो. याच्या तुलनेत सुपरमार्केट काय करतं? तिथे तीन युरोला बाटली मिळते. त्या किमतीत बाटली, बूच, वाहतूक आणि दुकानदाराचा नफा वजा केला की द्राक्षवाल्याला काय उरत असेल त्याचा अंदाज करा. आणि हे वाइनवर अबकारी कर शून्य असताना. (कर फक्त फसफसत्या झेक्टवर आहे, लिटरला १.३६ युरो. तो १९०२ मध्ये कैसरच्या आरमारासाठी लावला होता. आरमार बुडालं, कर मधली काही वर्षं सोडली तर अजून तरंगतो आहे.) म्हणजे 'सुपरमार्केटात वाइन आली की शेतकऱ्याचं भलं होतं' हा २०२२चा मुख्य युक्तिवाद जर्मनीकडे बोट दाखवून तरी करू नये. विरोध करणाऱ्यांच्या बाजूनेही एक कबुली द्यायला हवी: सोळाव्या वर्षी वाइन विकत घेता येणारा आणि पेट्रोलपंपावर ती ठेवणारा हा देश व्यसनाच्या बाबतीत आदर्श नाही. व्यसनमुक्ती केंद्रं इथेही भरलेली असतात.

घरच्या वादात आणखी एक घोळ आहे. नाशिकच्या बहुतेक बागा खायच्या द्राक्षांच्या आहेत: थॉमसन आणि तिच्या बहिणी. बिनबियांची, मोठ्या मण्यांची, पातळ सालीची. वाइनला लहान मणी, जाड साल, बिया आणि टिकून राहणारी आंबटी लागते. भाव पडलेली किंवा गारपिटीत सापडलेली थॉमसन टाकीत ओतून चांगली वाइन होत नाही. वाइनच्या जातींची बाग वेगळी लावावी लागते आणि ती बहुधा कंपनीशी करार करूनच लावतात. कंपनीने पाठ फिरवली की त्या मण्यांना बाजार समितीत गिऱ्हाईक नाही. २००८नंतरच्या मंदीत अनेकांनी उभ्या बागा तोडल्या त्या याचमुळे. म्हणून दुकानाला परवानगी दिली तरी ती या शेतकऱ्यापर्यंत पोचेलच असं नाही.

फाल्त्समध्ये ज्याला स्वतःचं तळघर परवडत नाही तो गावच्या सहकारी संस्थेत द्राक्षं घालतो. साखर आणि दूध सहकारातून उभं केलेल्या राज्याला ही कल्पना नवी वाटू नये. टाक्या, थंड ठेवण्याची यंत्रणा आणि एक जाणकार रसायनतज्ज्ञ एवढं वीसेक शेतकऱ्यांनी मिळून उभं करायचं आणि राज्याने त्यांना चार महिने, चाळीस खुर्च्या, स्वतःची वाइन एवढीच मुभा द्यायची. बंदी असलेले जिल्हे वगळा, २१ वर्षांची अट ठेवा, मोजणी कडक करा. दिंडोरी-निफाडकडे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी झाली की जानेवारी ते मार्च माल उतरतो. हवा छान, मुंबई-पुण्याचा माणूस फिरायला बाहेर पडलेला. हंगाम आयता आहे.

नाशिकला काही नाही असं नव्हे. १९९९ साली सुला ही वाइनकंपनी सुरू झाली, २००८पासून तिचा संगीतमहोत्सव गाजला, गंगापूर धरणाच्या बाजूला चाखायची दालनं आहेत. पण ते एका कंपनीचं अंगण आहे. जेवायला पिझ्झा आणि पास्ता पुढे येतो, आणि त्याच रस्त्यावर थोड्या अंतरावर चुलीवरच्या मिसळीसाठी रांग लागलेली असते. दोघांची ओळख कोणी करून दिलेली नाही. ती करून देताना एवढं सांभाळायचं: तिखटाबरोबर जास्त अल्कोहोल आणि तुरटपणा आला की जीभ आणखी पेटते, त्यामुळे शिराझसारखी लाल वाइन बाजूला ठेवायची. तर्रीला हवी कमी अल्कोहोलची, आंबट, किंचित गोडसर आणि थंडगार पांढरी वाइन. नाशिकची शेनिन ब्लां चालते. फाल्त्समधून नेणार असाल तर लेबलवर 'हाल्बट्रोकन' किंवा 'फाइनहेर्ब' लिहिलेली रीसलिंग घ्या, 'ट्रोकन' नको, ती कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली. भारतात माणशी दोन लिटर विनाशुल्क नेता येते. म्हणजे ७५० मिलीच्या दोन आणि अर्ध्या लिटरची एक. ७५०ची तिसरी बाटली घेतली की २५० मिली जास्त होतं आणि विमानतळावर हुज्जत सुरू होते.