काकू, चालायची लेन पलीकडे

"काकू, चालायची लेन पलीकडे आहे."

हे वाक्य मला ऐकवलं गेलं तेव्हा मी मैदानावरच्या ट्रॅकवर धावत होते. चालत असते तर बोलायला तोंडच नव्हतं. पण मी धावत होते. तोंडाने श्वास घेत, चष्म्यावर वाफ धरून, कोपरं काटकोनात ठेवून धावत होते, आणि मागून आलेल्या एका गृहस्थाने मला परस्पर चालणाऱ्यांच्या खात्यात जमा करून टाकलं. कालची गोष्ट. अजून जेवताना आठवते आणि घास तोंडात फिरतो.

धावणं आणि चालणं यांतला फरक त्याच्या मतावर ठरत नाही, माझ्याही नाही. चालताना एक तरी पाय कायम जमिनीवर असतो. धावताना प्रत्येक पावलागणिक एक क्षण असा येतो की दोन्ही पाय हवेत असतात. चालण्याच्या शर्यतीत हे बघायला खास पंच उभे असतात आणि दोन्ही पाय सुटलेले नुसत्या डोळ्यांना दिसले तर स्पर्धकाच्या नावावर ठपका पडतो. माझ्या बाबतीत तो हवेतला क्षण जरा आखूड असेल, पण असतो. मी त्याला तसं सांगितलं. इथे चूक झाली म्हणणार नाही, पण संभाषण सुरू झालं ते असं.

त्याचं वय पस्तीस-चाळीस. डोक्यावर टोपी, टोपीवर गॉगल (सूर्य अजून उगवायचा होता), छातीला पट्टा, कमरेला पट्टा, त्यात टीचभर दोन बाटल्या, पोटऱ्यांवर आवळ मोजे. त्याच्या अंगावरच्या प्रत्येक वस्तूला काहीतरी काम होतं. माझ्या टी-शर्टाला एकच काम होतं आणि तेही त्याला जेमतेम जमत होतं.

मी थांबले. तो थांबला नाही. "मला थांबता येत नाही, हार्ट रेट पडतो," असं म्हणून तो माझ्याभोवती गोल धावायला लागला. घाण्यातला मधला खांब असतो तशी मी झाले. त्याच्याबरोबर फिरावं तर घेरी येणार, म्हणून मी आपली एका दिशेला तोंड करून उभी राहिले आणि त्याची वाक्यं चहूकडून यायला लागली. प्रश्न समोरून निघायचा, क्रियापद पाठीमागून यायचं.

"पेस काय पडतो तुमचा?"

"कसला?"

"किलोमीटरला किती मिनिटं?"

"लागतील तेवढी."

अर्धं वर्तुळ तो गप्प होता. मग डाव्या कानाशी आवाज आला, "आणि कॅडन्स? मिनिटाला पावलं किती? १८० हवीत. तुमची नाहीत, मी मागून बघत होतो."

ही १८० ची भानगड मी घरी येऊन शोधली. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये जॅक डॅनियल्स या प्रशिक्षकाने धावपटूंची पावलं मोजली, तेव्हा जवळपास सगळ्यांची मिनिटाला १८० किंवा त्याहून जास्त भरली. ते ऑलिंपिकमध्ये होते हो! पदकासाठी जीव तोडून पळत होते, गुडघा कधी सैल होतोय याची वाट बघत नव्हते. तो आकडा तिथून उचलून सरसकट सगळ्यांच्या पायांत अडकवणाऱ्यांना वेग, उंची, वय असल्या किरकोळ गोष्टींत रस नसावा.

वयात मात्र त्याला भलताच रस होता. पण त्याआधी त्याची नजर माझ्या पायांवर गेली.

"शूज किती झालेत?"

"हा एकच जोड आहे."

"नाही नाही, किलोमीटर किती झालेत यांच्यावर?"

म्हणजे बुटांचीही नोंदवही असते. अमुकशे किलोमीटर झाले की बूट निवृत्त करायचे. त्याचे स्वतःचे बूट नवे होते आणि तळवे इतके जाड की तो माझ्यापेक्षा उंच आहे की नाही हे शेवटपर्यंत ठरेना. या तळव्यांचं प्रकरण एवढं वाढलं आहे की रस्त्यावरच्या शर्यतींसाठी ४० मिलिमीटरच्या वर जाडी नको, असा नियम जागतिक ॲथलेटिक्स संघटनेला करावा लागला. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये इथिओपियाच्या अबेबे बिकिलाने मॅरेथॉन अनवाणी धावून जिंकली होती, सव्वादोन तासांत. हे उत्तर तिथल्या तिथे त्याच्या तोंडावर मारण्यासारखं होतं. मला ते आंघोळ करताना सुचलं.

"वय काय तुमचं?" आवाज आता उजवीकडून.

"का?"

"२२० मधून वजा करायचंय. मॅक्स हार्ट रेट काढू."

मी सांगितलं नाही. मग त्याने धावता धावता माझ्याकडे एकदा नीट पाहिलं, मनाशी काहीतरी मांडलं आणि मोठ्याने जाहीर केलं, "१६० धरू या."

मी वजाबाकी उलटी करून पाहिली. साठ! आसपास चार माणसं हातपाय ताणत उभी होती, त्यांच्यातही ज्याला हिशेब येतो त्याला कळलं असणार. साठीला मला अजून पुष्कळ अवकाश आहे. शिवाय हृदयाचे मिनिटाला जास्तीत जास्त ठोके काढायचं ते सूत्र ढोबळ सरासरीचं आहे, एकेका माणसाला लावलं तर दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकतं. म्हणजे त्याने आधी माझं वय चुकवलं आणि मग ते चुकणाऱ्या सूत्रात घातलं.

"पुढचा इव्हेंट कोणता?"

"भाचीचं लग्न."

यावर तो हसला नाही. त्याचा चेहरा कळवळल्यासारखा झाला. शर्यत ठरवल्याशिवाय धावणारी बाई त्याने पहिल्यांदाच जवळून पाहिली असावी. मग मनगट उचलून आकडा बघितला, "मला टेम्पो पूर्ण करायचाय," म्हणाला (टेम्पो म्हणजे ठरलेल्या जोरात सलग पळणं, सामानाचा नव्हे), आणि निघताना अंगठा वर करून मला आशीर्वाद दिला, "छान चाललंय काकू, चालत राहा!"

पुन्हा तेच.

आणि घड्याळ त्याने या सगळ्यात एकदाही थांबवलं नव्हतं. माझ्याभोवतीच्या त्या सगळ्या घिरट्या त्याच्या त्या दिवसाच्या अंतरात जमा आहेत. कुठेतरी, कुणीतरी, त्याला त्याबद्दल शाबासकीही दिली असेल.

आता त्या लेनचं बघू. आतली पहिली-दुसरी लेन जोरात धावणाऱ्यांसाठी मोकळी ठेवावी हा संकेत मला ठाऊक आहे आणि मान्यही आहे. मी तिसरीत होते. मला जायला सांगितलं होतं ती कडेची आठवी. प्रमाण ट्रॅकवर पहिल्या लेनची फेरी ४०० मीटरची असते आणि आठवीची ४५३ मीटरची, कारण वळणं मोठी होत जातात. त्याच्या दहा फेऱ्यांचे चार किलोमीटर, आमच्या तेवढ्याच फेऱ्यांचे साडेचारच्या वर. सगळ्यात कमी दम असलेल्यांना सगळ्यात लांबची वाट. बरं, त्या आठवीत काय असतं? चौघी-चौघी हात पसरून चालणाऱ्या मैत्रिणी, फोनवर घरच्यांना झापत मध्येच उभा राहणारा एखादा, तीनचाकी सायकलवरचं पोर. धावणाऱ्याला तिथे धावताच येत नाही, चुकवत चुकवत जावं लागतं. तिथे पाठवायचं आणि वर पेस विचारायचा! कुठल्या लेनमध्ये कोणी असावं याची साधी पाटी मैदानावर नाही. पाटी नसली की ज्याच्या अंगावर जास्त सामान, तो नियम सांगतो.

एरवी मला त्याचा एवढा राग आला नसता. राग आला तो इतिहास वाचल्यावर. मला वाटायचं, जॉगिंग म्हणजे ज्यांना धावणं झेपलं नाही त्यांनी काढलेली पळवाट. तर तसं नाही. साठच्या दशकाच्या सुरुवातीला न्यूझीलंडच्या आर्थर लिडियार्ड या प्रशिक्षकाने ऑकलंडमध्ये पोट सुटलेल्या, हृदयविकारातून उठलेल्या मध्यमवयीन माणसांना सावकाश पळायला लावलं. हा कोणी हौशी माणूस नव्हता. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये पीटर स्नेल आणि मरे हॅलबर्ग या त्याच्या दोन शिष्यांनी एकाच दिवशी सुवर्णपदकं मिळवली होती. पुढे १९६२ मध्ये अमेरिकेतला नामांकित प्रशिक्षक बिल बॉवरमन तिथे पाहुणा म्हणून गेला, त्या मंडळींबरोबर टेकडीवर पळायला गेला आणि मागे पडला. त्याला सोबत करायला मागे थांबले ते सत्तरी ओलांडलेले एक हृदयरुग्ण. बॉवरमनने घरी परतून हेच वेड अमेरिकेत पसरवलं. म्हणजे जॉगिंग जगभर नेलं ते धावण्यातल्या सगळ्यात गंभीर माणसांनी, आणि त्यांनी कोणाला पलीकडच्या लेनमध्ये पाठवलं नाही. त्या सत्तरीतल्या आजोबांनीही बॉवरमनला त्याचं वय विचारल्याचं माझ्या वाचनात नाही.

आमच्याच मैदानावर एक मुलगी येते. विशीतली असेल. अंगात साधी बनियन, मनगटावर साधं घड्याळ. अर्धा तास ती इतकी सावकाश पळते की मी एका वळणावर तिच्या बरोबरीने होते, आणि त्या वळणाचा आनंद मला आठवडाभर पुरतो. मग ती पहिल्या लेनमध्ये जाते आणि काहीतरी भयंकर घडतं. चारशे मीटर, विश्रांती, चारशे मीटर, विश्रांती. मागून येताना एकदाच "ट्रॅक!" असा आवाज देते, तरी कोणी हललं नाही तर बाहेरून वळसा घालून जाते. तिच्या घोट्यांना चिकटपट्ट्या असतात आणि पायाची दोन नखं काळी पडली आहेत. ती तिने मिरवली नाहीत, बूट काढताना मला दिसली. एक दिवस ती पायरीवर नुसती बसून होती. मी विचारलं, "आज नाही का?" तर म्हणाली, "आज विश्रांती आहे. तीही लिहून दिलेली असते." या एका कसोटीवर मी तिच्यापेक्षा कितीतरी गंभीर धावपटू आहे.

तिच्याकडूनच कळलं की मोठे धावपटू बहुतांश सराव सावकाशच करतात. मॅरेथॉनमध्ये किलोमीटरला तीन मिनिटंसुद्धा न लावता विक्रम केलेला केनियाचा एलिउड किपचोगे सरावाच्या बहुतेक दिवशी त्याहून खूपच निवांत पळायचा. जोर काढायचा तो ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या फेऱ्यांत. आणि आमचे पट्टेवाले महाराज? रोज सकाळी तोच दम, तोच टेम्पो, तीच लाल तोंडं. म्हणून माझं मत असं झालं आहे की हौशी आणि गंभीर यांच्यात भांडण नाहीच. त्रास देते ती मधली जात, जिला गांभीर्याची हौस असते. मागच्याला हुसकल्याशिवाय आपण पुढे आहोत हे तिला पटत नाही.

तरीही त्याच्या प्रश्नांनी मला डिवचलं, हे खरं. कपाटात पडलेलं एक भेट मिळालेलं घड्याळ काढून मी आज सकाळी धावून आले. मध्येच ते थरथरलं. पाहिलं तर त्याने मोजणी आपोआप थांबवली होती, कारण त्याच्या मते मी उभी होते.

मग ठरवलं, शर्यतीत नाव घालायचंच. घरात जाहीर केलं, "मी मॅरेथॉनचा फॉर्म भरतेय." पाच किलोमीटरच्या शर्यतीला मॅरेथॉन म्हटलं की खऱ्या धावणाऱ्याच्या पोटात कळ येते, हे मला माहीत आहे. मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये धावले गेले तेवढे आणि १९२१ मध्ये कायमचे ठरले तेवढे. एक मीटर कमी नाही. मुद्दाम म्हटलं. तो ऐकायला नव्हता, एवढीच खंत.

फॉर्म उघडला. रक्तगट. अडचणीच्या वेळी कोणाला कळवायचं त्याचा नंबर. माझ्या जिवाचं काही बरंवाईट झालं तर आयोजक जबाबदार नाहीत, हे मला मान्य असल्याची खूण. मग आला रकाना: धाव पूर्ण करायला लागणारा अपेक्षित वेळ. "लागेल तेवढा" लिहून पाहिलं, फॉर्म घेईना. खाली बारीक अक्षरांत होतं की दिलेल्या वेळेच्या आत न पोहोचणाऱ्यांना मागून येणारी गाडी उचलून घेईल. त्याखाली टी-शर्टाचं माप, सगळी मापं पुरुषांची. आणि त्याखाली, टी-शर्ट आणि नंबर आदल्या दिवशी येऊन घेऊन जावेत.

आदल्या दिवशी? म्हणजे न धावताच? मी लार्ज माप टाकलं, पैसे भरले आणि फोन बाजूला ठेवला. आदल्या दिवसाची माझी तयारी पूर्ण आहे.