पाव माणूस

मे महिना लागला की आमचं डोंबिवलीचं दोन खोल्यांचं घर एका खोलीचं होतं. एसी एकच, तोही बेडरूममध्ये. त्यामुळे रात्री दहाला उशा-पांघरुणं घेऊन सगळे तिथे. पलंगावर आई-अण्णा, खाली गाद्या टाकून बायको, लेक आणि मी. रात्री पाणी प्यायला उठणं म्हणजे कुणाच्या तरी पोटरीवर पाय.

रिमोट अण्णांच्या उशीखाली. ते २७ वर ठेवतात, कारण बिल तेच भरतात. लेकीला १८ हवं. आईला एसी हवा, पण वारा नको. ती कानाला रुमाल बांधून गोधडीत शिरते. "बंद करू का मग?" विचारलं की आतून आवाज येतो, "नको रे, उकडतं!"

एका रात्री झोप येईना म्हणून मोबाइलवर शोधलं. फँगर नावाच्या डॅनिश प्राध्यापकाने १९७० च्या सुमारास याचं अख्खं गणित मांडून ठेवलंय. माणसाला बरं वाटणं सहा गोष्टींवर ठरतं आणि रिमोटवर दिसणारा आकडा त्यातली फक्त एक. बाकी वारा, दमटपणा, अंगावरचे कपडे, भिंती-छताची धग आणि शरीर स्वतः तयार करतं ती उष्णता. आम्ही शेवटच्या मजल्यावर. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत डोक्यावर तव्यासारखा. त्याला रिमोट काय करणार? शरीराच्या उष्णतेचंही तेच. अण्णा आठपासून टीव्हीसमोर निवांत, आणि बायको ओटा पुसून, भांडी पालथी घालून येते तेव्हा घामाघूम. (ओटा मी आवरला तर गणित सुटेल, असं तिचं मत. फँगरने हे कुठे म्हटल्याचं मला सापडलं नाही.)

शिवाय सगळं अगदी अचूक जमलं तरी शंभरातले पाच नाराज राहणारच, असंही हे गणित सांगतं. आमच्याकडे पाच टक्के म्हणजे पाव माणूस. मला फार आशा वाटली. पाऊण तरी सुखी होईल!

नव्या एसीवर सुरुवातीलाच २४ असावं, असं सरकारनेही २०२० पासून ठरवलंय. रात्री दोनला मी हळूच उशीखालून रिमोट ओढला.

टुं. टुं. टुं.

अण्णांनी डोळे उघडले नाहीत.

"तीनदा वाजलं. आता परत तीनदा वाजव."