जुन्या घड्याळाला रॉकेलची आंघोळ घालू नका

"आजोबांचं घड्याळ भंगारात देऊ नका, लाखोंची किंमत आहे! अस्सल जुनी वस्तू ओळखा आणि घरच्या घरी विक्रीसाठी तयार करा" असा एक लांबलचक मेसेज सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. भंगारात देऊ नका इथपर्यंत ठीक. त्याखालचे बहुतेक सगळे सल्ले चुकीचे आहेत, आणि त्यातले निदान तीन कायमचं नुकसान करणारे आहेत. हा मेसेज आमच्या मामांपर्यंत पोचला आणि त्यांचा फोन आला, "रॉकेल आता कुठे मिळतं?" त्यांच्याकडे भिंतीवरचं जर्मन घड्याळ आहे. म्हणून हा खुलासा, आणि सुरुवात रॉकेलपासूनच.

मेसेज म्हणतो: "घड्याळाचं मशीन बाहेर काढा, प्लेटचे चार स्क्रू थोडे सैल करा, रात्रभर रॉकेलमध्ये बुडवून ठेवा. रॉकेल नसेल तर पेट्रोल चालेल. सकाळी सुकवून सगळ्या चाकांवर खोबरेल तेल सोडा. घड्याळ नव्यासारखं पळेल."

पळेल, हे खरं आहे. काही आठवडे पळेल, आणि त्यामुळेच हा उपाय इतका पसरलाय. वर्षानुवर्षं गोंदासारखं घट्ट झालेलं तेल रॉकेलमुळे पातळ होतं, अडलेली चाकं मोकळी होतात. पण त्या तेलात मिसळलेली धूळ आणि धातूचा कीस कुठे गेला? प्रत्येक चाकाच्या दांड्याची दोन्ही टोकं पितळी प्लेटमधल्या भोकांत फिरतात. या टोकाला पिव्हट म्हणतात. ते पोलादी असतं आणि बऱ्याच ठिकाणी जेमतेम एक मिलिमीटर जाडीचं. नुसतं बुडवल्याने त्या भोकातली घाण बाहेर येत नाही. रॉकेल तिला सैल करून आणखी आत नेतं. पितळ मऊ, म्हणून कण त्यात रुतून बसतात आणि फिरणारं पोलादी टोक खरवडत राहतात. घड्याळ पळत असतं तेव्हा आतून ते घासलं जात असतं. भोक गोल राहत नाही, लांबट होतं, दांडा कलतो, दाते एकमेकांत नीट बसत नाहीत, आणि एक दिवस लंबक थांबतो. मग लोक म्हणतात, "चावी जास्त बसली." चावी जास्त बसून घड्याळ बंद पडत नाही. स्प्रिंग पूर्ण भरलेली असूनही घड्याळ चालत नसेल तर आत झीज आहे, तेल वाळलंय किंवा काहीतरी अडलंय.

आता खोबरेल तेल. डिसेंबरमध्ये बाटलीतलं खोबरेल गोठतं हे आपल्या प्रत्येक घराला माहीत आहे. पारा साधारण २४ अंशांखाली गेला की ते घट्ट व्हायला लागतं. पुण्या-नाशिकच्या थंडीत तुमच्या घड्याळातही तेच होणार. उन्हाळ्यात ते पातळ होऊन ओघळणार, कालांतराने खवट होणार, त्यातली आम्लं पितळावर हिरवट थर चढवणार. शिवाय "सगळ्या चाकांवर" का? चाकांच्या दात्यांना तेल द्यायचंच नसतं, ते कोरडेच चालतात. तेल लागलं की धूळ चिकटते आणि दात्यांमध्ये घासणारा लेप तयार होतो. घड्याळाचं खास तेल मिळतं, आणि तेही पिव्हटभोवतीच्या बारीक खळगीत अर्ध्यापर्यंत, सुईच्या टोकाने. त्याखेरीज लंबकाला झोका देणाऱ्या पॅलेटच्या तोंडांवर थेंबाचा अंश. भरभरून ओतलं तर खळगीतलं तेल प्लेटवर पसरतं आणि पिव्हट कोरडाच राहतो.

पण सगळ्यात भयंकर आहे ते "प्लेटचे स्क्रू सैल करा." आठ दिवसांच्या घड्याळात दोन स्प्रिंगा असतात, एक वेळेची आणि एक टोल्यांची. जुन्या अमेरिकन घड्याळांत त्या बहुधा डबीत नसतात, उघड्याच असतात. चावी भरलेली असताना प्लेट सैल केली तर ती सगळी ताकद एका क्षणात सुटते. चाकांचे दाते झडतात, पिव्हट वाकतात, आणि बोटं मध्ये असतील तर बोटंही. जाणता कारागीर आधी चावी घट्ट धरून, स्प्रिंगला उलटं फिरू न देणारी खटकी उचलून, दोन्ही स्प्रिंगा हळूहळू पूर्ण सोडतो. मगच प्लेट उघडतो, सगळे भाग सुटे करून धुतो, लाकडी काडीला टोक काढून एकेक भोक काडी स्वच्छ निघेपर्यंत पुसतो, झिजलेल्या भोकात नवीन बुश, म्हणजे बारीक धातूची नळी, बसवतो. हे रात्रभराचं काम नाही. आणि पेट्रोलबद्दल एवढंच: त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते आणि स्वयंपाकघरातल्या गॅसपर्यंत पोचते. घरात उघडं पेट्रोल ठेवायला सांगणारा मेसेज पुढे पाठवू नका.

दुसरा धोकादायक सल्ला जुन्या टाइमपीसबद्दल आहे. "अंकांवरचं रेडियम चमकत नसेल तर ते संपलंय, ब्लेडने खरवडून नवीन रंग लावा." संपलेलं नसतं. त्या रंगात रेडियमबरोबर झिंक सल्फाइड असतं. चमकतं ते झिंक सल्फाइड, आणि काही दशकांत तेच निकामी होतं. रेडियम-२२६ चा अर्धायुष्यकाल सुमारे १६०० वर्षं आहे. म्हणजे १९३० च्या टाइमपीसवरचं रेडियम आजही जवळजवळ तेवढंच किरणोत्सर्गी आहे. खरवडलं की त्याची धूळ होते आणि श्वासातून शरीरात जाते. १९२० च्या दशकात अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ऑरेंज इथल्या कारखान्यात तबकड्या रंगवणाऱ्या मुली ब्रशला टोक आणण्यासाठी तो ओठांत धरत. त्यांच्या जबड्यांची हाडं कुजली, कित्येक जणी दगावल्या. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा सल्ला स्पष्ट आहे: अशी घड्याळं उघडू नका, त्यांचे भाग सुटे करू नका. काच शाबूत असलेलं बंद घड्याळ कपाटात ठेवायला फारशी हरकत नाही. काच फुटली असेल आणि रंगाचे पापुद्रे सुटत असतील तर ते मुलांच्या हाती देऊ नका. सगळेच चमकणारे रंग रेडियमचे नसतात, पण नुसत्या डोळ्यांनी तो फरक कळत नाही, म्हणून ब्लेड लावायचंच नाही.

"घड्याळ चालू असेल तर स्थिती उत्तम." विकणारे हमखास हेच सांगतात, आणि घेणारे इथेच फसतात. भिंतीवर जरा तिरकं टांगून, लंबकाला धक्का देऊन कोणतंही घड्याळ तासभर चालवून दाखवता येतं. चालू म्हणायचं असेल तर पूर्ण चावी देऊन सरळ टांगा आणि आठ दिवस बघा. टिक आणि टॉक यांच्यातलं अंतर सारखं हवं. आठव्या दिवशी, स्प्रिंग सैलावलेली असताना, बाराचे पूर्ण बारा टोले पडायला हवेत. रोज किती मिनिटं पुढे-मागे जातं ते लिहून ठेवा. तेवढा फरक लंबकाचं वजन वर-खाली करून सुधारतो, तो दोष नाही.

मग मशीन बघा. चावी भोकात घालून अगदी थोडी मागे-पुढे हलवा आणि टॉर्चच्या उजेडात पिव्हटकडे पाहा. पिव्हट जागच्या जागी फिरला पाहिजे. तो भोकात इकडून तिकडे सरकत असेल, भोवती काळपट-हिरवं कडं असेल, तर तिथे बुशचं काम आहे. आणखी एक खूण: भोकाभोवती पंचने ठोकलेल्या ठिपक्यांचं वर्तुळ. झिजलेलं भोक आवळायला आधीच्या कुणीतरी केलेला हा जुगाड असतो. असे ठिपके किंवा जस्ताच्या रंगाचे डागकामाचे गोळे दिसले, की किंमत उतरते, घड्याळ कितीही टिकटिकत असो.

याहून महत्त्वाचं म्हणजे मशीन आणि पेटी एकमेकांची आहेत का. पेटीच्या पाठीमागच्या फळीवर बुजवलेली किंवा रिकामी स्क्रूची भोकं, तबकडीतल्या चावीच्या भोकांशी न जुळणारी, चावी जिथे बसते ती मशीनची टोकं, पेटीच्या कडेला घासणारा लंबक, हातोडीखाली नीट न येणारी घंटा: यांपैकी काहीही दिसलं तर दोन-तीन घड्याळांचं मिळून एक केलेलं आहे. मुंबईच्या चोर बाजारात आणि पुण्याच्या जुन्या बाजारात अशी जोडलेली घड्याळं भरपूर दिसतात. ती घेऊ नयेत असं नाही. मात्र जोडलेलं म्हणून घ्यावं आणि जोडलेल्याच भावात घ्यावं.

"मेड इन जर्मनी लिहिलेलं असेल तर घड्याळ दीडशे-दोनशे वर्षं जुनं." अहो, जर्मनी हा एकसंध देश झाला १८७१ मध्ये. आणि मालावर देशाचं नाव छापण्याची ही पद्धत रुजली ती ब्रिटनच्या १८८७ च्या मर्चंडाइज मार्क्स कायद्यामुळे. तसाच कायदा हिंदुस्थानात १८८९ मध्ये आला. तेव्हा हा शिक्का असेल तर घड्याळ त्यानंतरचं. ते १९३० चंही असू शकतं. मशीनवर कोरलेली पेटंटची तारीखही बनवल्याची तारीख नसते. घड्याळ त्याआधीचं नाही एवढंच त्यावरून कळतं. तोच ठसा पुढे कित्येक वर्षं मारला जात असे.

"चारच्या जागी चार दांड्या असतील तर छपाईची चूक, म्हणून दुर्मीळ." जुन्या रोमन अंकांच्या बहुतेक तबकड्यांवर चार दांड्यांचाच चार (IV ऐवजी IIII) असतो. यावर आणखी शब्द खर्च करण्यात अर्थ नाही.

"तबकडी टूथपेस्टने घासा." बऱ्याच अमेरिकन घड्याळांची तबकडी म्हणजे जस्ताच्या पत्र्यावर चिकटवलेला कागद असतो. घासलीत की अंक गेले. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटका, बस्स.

फर्निचरकडे वळू. "जड असेल तर जुना बर्मा साग." शिसवी सागापेक्षा बरीच जड असते, काल बनवलेली असली तरी. वजनावरून लाकडाची जात ओळखायला थोडी मदत होते, वय अजिबात कळत नाही. वय बघायचं तर ड्रॉवर पूर्ण बाहेर काढा आणि उलटा करा. खालचं कोरं लाकूड वर्षानुवर्षांच्या हवेने काळवंडलेलं हवं, घासणाऱ्या कडा झिजलेल्या हव्यात. आतून-खालून सगळीकडे सारखा रंग लावलेला असेल तर कुणीतरी काहीतरी झाकलंय. गोल मेज असेल तर टेप घ्या आणि लाकडाच्या रेषांच्या दिशेने व रेषांना आडवा असा दोनदा व्यास मोजा. लाकूड आडवं आकसतं, म्हणून खऱ्या जुन्या मेजाचे दोन व्यास काही मिलिमीटरने वेगळे येतात. कुठेही अधिक चिन्हाच्या खाचेचा स्क्रू दिसला तर तो १९३० च्या दशकाच्या मधल्या काळाआधीचा नाही. तो नंतर कुणी बसवलेला असू शकतो, म्हणून शेजारचे स्क्रूही बघा.

"किडीची भोकं म्हणजे जुनेपणाचा पुरावा." यात अर्धं खरं आहे, मान्य करतो. पण नवीन लाकडालाही भुंगेरे लागतात, आणि सागाच्या पक्क्या गाभ्याला सहसा लागतच नाहीत. लागतात ते कडेच्या पांढुरक्या लाकडाला. भोकाच्या कडा फिकट आणि खाली पिठासारखा भुसा असेल तर कीड आत्ता जिवंत आहे. ती वस्तू इतर फर्निचरपासून लगेच दूर ठेवा. भोकांऐवजी पृष्ठभागावर उघड्या नळ्या दिसत असतील तर कीड लागल्यानंतर लाकूड कापलं गेलंय, म्हणजे जुन्या लाकडाची नवी वस्तू.

"पॉलिश पेपरने घासून चकाचक करा, किंमत दुप्पट." नेमकं उलटं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या घड्याळपेट्यांवर बहुधा यंत्राने कापलेल्या महाग लाकडाचा पातळ थर असतो, एक मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. पॉलिश पेपरचे चार हात मारले की खालचं साधं लाकूड वर येतं, आणि ते परत झाकता येत नाही. नक्षीच्या धारा बोथट होतात ते वेगळंच. थिनरही नको: सेथ थॉमस कंपनीच्या काही काळ्या, संगमरवरासारख्या दिसणाऱ्या पेट्यांवर सेल्युलॉइडचा थर आहे, तो थिनरने वितळतो. मूळ लाखेचं पॉलिश आहे का हे बघायचं असेल तर मागच्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी कापसाच्या बोळ्याने स्पिरिट टेकवा. लाख मऊ होऊन चिकट लागते, आजचं पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश ढिम्म राहतं. वस्तूवर आधीच कुणी ऑइलपेंट फासला असेल तर मात्र नव्याने पॉलिश करण्यात गमावण्यासारखं थोडंच उरलेलं असतं. ते कामही लाखेचा हात असलेल्या पॉलिशवाल्याकडून करून घ्या.

शेवटी "शंभर वर्षं पूर्ण झाली की परदेशात लाखोंना विका." शंभर वर्षांचा आकडा मेसेजवाल्याने कुठूनतरी उचललाय, पण उलटा वापरलाय. १९७२ च्या अँटिक्विटीज अँड आर्ट ट्रेझर्स कायद्याप्रमाणे कलाकुसरीची किंवा ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू शंभर वर्षांची झाली की ती पुरावस्तू ठरू शकते, आणि पुरावस्तू देशाबाहेर पाठवण्याचा अधिकार फक्त केंद्र सरकारला किंवा त्याने नेमलेल्या यंत्रणेला आहे. खासगी माणसाने पाठवली तर सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि दंड. वस्तू पुरावस्तू आहे की नाही हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खातं ठरवतं. तुमच्या कुणी परदेशातल्या नातेवाइकाने "बॅगेत घालून आणा" म्हटलं तर आधी या खात्याकडून दाखला घ्या.

विकायचंच असेल तर साफसफाई न करता फोटो काढा: समोरून, मागून, तबकडी जवळून, मशीनवरचे शिक्के, पाठीमागच्या फळीवरचा कागद, लंबक, चावी. खाली असं लिहा: "मशीन पेटीला मूळचं वाटतं, फळीवर जास्तीची भोकं नाहीत. आठ दिवस चालतं, रोज चार मिनिटं मागे. बाराचे टोले पूर्ण. टोल्यांच्या बाजूच्या दोन पिव्हटना झीज. तबकडी कागदी, सहाजवळ डाग. पेटीवर उजवीकडे बोटभर थर निघालेला, तुकडा जपून ठेवलाय. काच नंतरची." जाणता गिऱ्हाईक अशा वर्णनाला जास्त पैसे देतो, कारण त्याला घरी गेल्यावर धक्का बसणार नसतो.

आणि कुणी हा मेसेज वाचून मशीन आधीच रॉकेलमध्ये बुडवलं असेल तर: आता चावी देऊ नका, चालवून बघू नका, वरून आणखी तेल टाकू नका. स्क्रू सैल केले असतील तर प्लेट दाबून घट्ट करायचा प्रयत्नही नको, आत पिव्हट भोकाबाहेर असेल तर तो मोडतो. कोरड्या कापडात गुंडाळून लंबकाच्या घड्याळांचं काम करणाऱ्याकडे न्या आणि काय ओतलं, कधी ओतलं, चावी किती भरलेली आहे, हे त्याला न लपवता सांगा.